कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कृषी पर्यटन : कुंभकोणमचे उदाहरण

तामिळनाडूतील कुंभकोणम हे नगर मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. येथे येणारा प्रवासी सामान्यतः दोन-तीन दिवस राहतो, गोपुरे पाहतो, नवग्रहांच्या देवळांची फेरी पूर्ण करतो आणि परत जातो. एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे जाताना वाहनाच्या खिडकीतून त्याला दुतर्फा भातशेती, कालवे, पानमळे, केळीच्या बागा आणि बदकांचे थवे दिसत राहतात. हे दृश्य त्याला आवडते. परंतु ते निर्माण करणाऱ्या शेतकऱ्याशी त्याचा कोणताही व्यवहार होत नाही. प्रवासी शेतातून जातो, पण त्याचा पैसा शेतात थांबत नाही. कृषी पर्यटन या संकल्पनेचा उगम नेमका या तफावतीतून झाला आहे.

कुंभकोणमच्या परिसरात मोकळ्या निसर्गात व शेतीत पाहण्यासारखे काय आहे, ते कोणत्या व्यवस्थेमुळे टिकून आहे आणि त्याचा आर्थिक लाभ ग्रामीण जनतेपर्यंत पोहोचविण्यात कोणत्या अडचणी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचा जो नमुना रुजला, तो या प्रदेशात जसाच्या तसा लागू पडेल काय, हा यातील कळीचा प्रश्न होय.

संकल्पना आणि महाराष्ट्राचा अनुभव

शेती हा मूळ व्यवसाय चालू ठेवून शेतकऱ्याने आपले शेत, घर, अन्न व जीवनपद्धती यांचा अनुभव शुल्क घेऊन पर्यटकास उपलब्ध करून देणे, म्हणजे कृषी पर्यटन. पर्यटकाला पाहण्यासाठी काही, करण्यासाठी काही आणि विकत घेण्यासाठी काही असावे, ही त्याची साधी त्रिसूत्री आहे. येथे शेती हे प्रमुख उत्पन्न आणि पर्यटन हे पूरक उत्पन्न असते. हा क्रम उलटला, की ते केवळ शेताच्या देखाव्यात उभारलेले विश्रामगृह ठरते.

भारतात दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या (२००२-०७) काळात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ग्रामीण पर्यटनाची योजना हाती घेतली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने निवडलेल्या ३६ ठिकाणी स्थानिक कला, हस्तव्यवसाय व ग्रामजीवन यांना पर्यटनाची जोड देण्याचा प्रयत्न झाला. तामिळनाडूतील कारैकुडी व कळुगुमलै ही स्थळे त्यांत होती. महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास बारामती परिसरातून कृषी पर्यटनाची संघटित सुरुवात झाली. पुढे पुणे, सातारा, नाशिक, कोकण अशा अनेक भागांत शेतकऱ्यांनी अशी केंद्रे उभारली आणि २०२० मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये केंद्र शासनानेही ग्रामीण पर्यटनाच्या विकासासाठी राष्ट्रीय धोरण व मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला.

महाराष्ट्राच्या नमुन्यामागे एक गृहीत आहे. शेतकरी स्वतः जमिनीचा मालक आहे, त्याचे घर शेतावर किंवा शेताजवळ आहे आणि पुणे-मुंबईसारख्या महानगरातील कुटुंब आठवड्याच्या सुट्टीत तेथे येते. हुरडा, चुलीवरचे जेवण, बैलगाडीची फेरी, विहिरीतील पोहणे हे सर्व एका मालकाच्या शिवारात घडू शकते. कुंभकोणमच्या परिसरात मात्र जमीन, पाणी व श्रम यांची रचना निराळी आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम तेथील भूगोल पाहावा लागेल.

दोन नद्यांमधील नगर

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील नगर कावेरी व अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसले आहे. तंजावरपासून ते सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती आणि २०२१ मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. नगरात अनेक पुष्करिणी आहेत. त्यांपैकी महामहम हा सर्वांत प्रसिद्ध तलाव सहा एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरला आहे. त्याच्या काठावरील १६ मंडप सतराव्या शतकाच्या सुमारास तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधविल्याचे मानले जाते.

गुरू सिंह राशीत असताना माशी महिन्यातील मघा नक्षत्रावर, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी, या तलावात स्नानाचा महोत्सव भरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही गुरूच्या याच संक्रमणाशी निगडित असल्याने मराठी वाचकास हा योग परिचित वाटेल. १९९२ च्या महोत्सवात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतरचे महोत्सव २००४ व २०१६ मध्ये झाले असून पुढील महोत्सव २०२८ मध्ये अपेक्षित आहे. एका दिवशी लाखोंची गर्दी आणि इतर दिवशी अल्पकाळ थांबणारा भाविक, असे येथील पर्यटनाचे दुहेरी स्वरूप आहे. नवग्रह मंदिरांसाठी राज्य परिवहन महामंडळाने २०२४ मध्ये कुंभकोणमहून विशेष बसफेरी सुरू केली. तिला मिळालेला प्रतिसाद पाहता प्रवाशांची येथे वाण नाही. उणीव आहे ती त्यांना गावात थांबविणाऱ्या व्यवस्थेची.

पाण्याची वाट : पाहण्याजोगी जलव्यवस्था

कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीच्या शाखा-उपशाखांचे एक विस्तीर्ण जाळे आहे. डोंगर, धबधबे वा घनदाट अरण्य येथे नाही. सपाट भूमीवरून पाणी कसे वाटले जाते, हेच येथील खरे दर्शनीय स्थळ होय. त्या दृष्टीने तीन ठिकाणे महत्त्वाची आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे तिरुचिरापल्लीजवळील कल्लणै. तामिळमध्ये 'कल्' म्हणजे दगड आणि 'अणै' म्हणजे बांध. करिकाल चोळ या राजाने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तो बांधल्याची परंपरा आहे. आजही उपयोगात असलेल्या जगातील अत्यंत प्राचीन जलनियंत्रक बांधकामांत त्याची गणना होते. नदीचे पाणी साठविणे हा त्याचा हेतू नव्हता. पुराचे पाणी कोळ्ळिडम या उत्तरेकडील शाखेत वळवावे आणि शेतीचे पाणी कावेरी व तिच्या दक्षिणेकडील शाखांत राहावे, यासाठी त्याची योजना झाली. आज येथून कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम व ग्रँड अनिकट कालवा अशा चार वाटा फुटतात.

दुसरे ठिकाण म्हणजे कल्लणैच्या वरच्या अंगास असलेले मुक्कोम्बू. कोळ्ळिडमचे पात्र खोल असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे बरेचसे पाणी तिकडे ओढले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी १८३६ च्या सुमारास मुक्कोम्बू येथे बंधारा घातला. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या पुरात त्याचे काही दरवाजे कोसळले आणि तेथे नवे बांधकाम करावे लागले. जुन्या जलव्यवस्थेची देखभाल ही संपूर्ण प्रदेशाच्या शेतीचा प्रश्न असते, हे या घटनेने दाखवून दिले.

तिसरे ठिकाण कुंभकोणमपासून जवळ आहे. नगराच्या उत्तरेस कोळ्ळिडमवर अणैक्करै येथे कॉटन यांच्याच काळातील खालचा बंधारा आहे. या बंधाऱ्यातून वडवार कालव्याने वीराणम तलावात पाणी जाते. चोळांनी दहाव्या शतकात बांधलेला हा तलाव आजही कडलूर जिल्ह्यातील शेतीला पाणी देतो. २००४ पासून चेन्नई महानगराच्या पाणीपुरवठ्यातही त्याचा वाटा आहे. हजार वर्षांपूर्वीचा तलाव, दोनशे वर्षांपूर्वीचा बंधारा आणि आजचे महानगर यांना जोडणारी ही साखळी एका दिवसाच्या सहलीत पाहता येते. भूगोल व इतिहास एकत्र शिकविणारे असे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

हंगामांचे चक्र

कृषी पर्यटनात 'कोठे जावे' इतकाच 'केव्हा जावे' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे तीन हंगाम आहेत. कुरुवै हे अल्प मुदतीचे पीक जूनच्या सुमारास लावून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापले जाते. सांबा हे दीर्घ मुदतीचे पीक ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत उभे असते. कुरुवै काढल्यावर त्याच शेतात घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिकास ताळडी म्हणतात. त्याची कापणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या भातातच उडीद किंवा मूग विस्कटून पेरण्याची पद्धत हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. जमिनीत उरलेल्या ओलीवर हे कडधान्य वाढते. पाण्याची बचत, जमिनीची सुपीकता व जादा उत्पन्न असे तिन्ही हेतू त्यातून साधतात. कापणीनंतर रिकाम्या शेतांत बदकांचे मोठे कळप चरावयास सोडले जातात. सांडलेले धान्य व किडे खाऊन ती वाढतात आणि त्यांच्या विष्ठेने जमिनीस खत मिळते.

या चक्राशी सणही जोडलेले आहेत. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, नदीला आलेल्या नव्या पाण्याचे पूजन होते. जानेवारीच्या मध्यास नव्या तांदळाचा पोंगल साजरा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असल्याने प्रवासास अडचणीचा असतो. त्यामुळे सांबाची कापणी व पोंगल यांचा जानेवारी-फेब्रुवारीचा काळ पर्यटकास सर्वाधिक सोयीचा ठरतो.

कुंभकोणमजवळ अडुतुरै येथे तामिळनाडू कृषी विद्यापीठाची भात संशोधन संस्था आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रातून 'एडीटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक जाती प्रसारित झाल्या. १९६० च्या दशकात आलेल्या एडीटी-२७ या जातीने कुरुवै हंगामाचे स्वरूप पालटले. १९६०-६१ मध्ये देशात सुरू झालेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावर होता, ही बाब स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. याउलट तिरुवारूर जिल्ह्यातील तिरुत्तुरैपूंडी भागात नेल जयरामन यांनी १७० हून अधिक देशी भातजातींचे संवर्धन केले. तेथील बियाणे महोत्सवात शेतकरी बियाणे घेऊन जातात आणि पुढील वर्षी दुप्पट बियाणे परत करतात, अशी पद्धत रूढ झाली. संशोधन संस्थेतील सुधारित जाती आणि शेतकऱ्यांनी राखलेल्या देशी जाती अशा दोन्ही बाजू अभ्यासू पर्यटकास एकाच दौऱ्यात पाहता येतात.

शेतीतून उमललेली कारागिरी

कुंभकोणमची विड्याची पाने दक्षिण भारतात नावाजलेली आहेत. २०२५ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. महाराष्ट्रात पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा वा पांगारा लावतात. येथेही हादग्याच्याच झाडांवर वेल चढविली जाते. पानमळ्यातील गार सावली, रोजची खुडणी आणि पानांची चवड बांधण्याचे कौशल्य हा पर्यटकासाठी स्वतंत्र अनुभव ठरू शकतो.

नगराजवळील स्वामीमलै येथे स्थपतींची कुटुंबे चोळकालीन पद्धतीने कांस्यमूर्ती घडवितात. प्रथम मेणाची प्रतिमा तयार करून तिच्यावर कावेरीच्या पात्रातील बारीक गाळमातीचे लेप देतात. भट्टीत तापविल्यावर मेण वितळून बाहेर पडते व पोकळीत धातूचा रस ओततात. संस्कृत शिल्पग्रंथांत या पद्धतीस 'मधूच्छिष्टविधान' म्हटले आहे. नाच्चियारकोइल येथील पितळी समयांच्या साच्यांसाठीही स्थानिक नदीकाठची माती वापरली जाते. या दोन्ही कलावस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नदीने आणलेल्या गाळावर शेती पिकते आणि त्याच गाळातून मूर्तीचा साचा घडतो. म्हणून या कारागिरीकडे शेतीपासून तोडून पाहणे योग्य नव्हे.

नगरालगतच्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिर आणि उत्तरेकडील गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिर २००४ पासून जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट आहेत. गंगैकोंडचोळपुरमजवळ राजेंद्र चोळाने उत्तरेतील मोहिमेनंतर विशाल तलाव खोदविला होता. नवी राजधानी वसविताना मंदिराबरोबर जलाशयही निर्माण करावा, ही दृष्टी त्यातून दिसते.

पाणपक्ष्यांच्या निरीक्षणासाठी अरियलूर जिल्ह्यातील करैवेट्टी हे अभयारण्य उपयुक्त आहे. कालव्याच्या पाण्यावर भरणारा हा सिंचन तलाव आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या पट्टकादंब हंसांसह अनेक स्थलांतरित पक्षी येथे उतरतात. २०२४ च्या आरंभी त्याचा रामसर यादीत समावेश झाला. शेतीसाठी बांधलेला तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

अन्नछत्रांची मराठी परंपरा

या प्रदेशात प्रवाशाचे आतिथ्य नवे नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर येथे मराठी सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी कुंभकोणमजवळील तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना दान दिले व ते शाहजीराजपुरम म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे सरफोजी राजे (दुसरे) यांच्या काळात रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रे भरभराटीस आली. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. या छत्रांत यात्रेकरूंना भोजन व निवारा मिळे. काही ठिकाणी विद्यार्थ्यांचे शिक्षण व रुग्णांवर उपचार यांचीही सोय असे.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून भागविला जाई. म्हणजेच प्रवाशाचे पोट या प्रदेशातील भातशेतीने भरले. आजही देवळाचा नैवेद्य, खाणावळीतील भात आणि प्रवाशाच्या डोळ्यांना सुखावणारी हिरवाई यांमागे तीच शेती उभी आहे. फरक इतकाच, की प्रवास हा आता मोठा व्यवसाय झाला आहे आणि त्याच्या उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र नगण्य राहिला आहे.

अडचणींचे स्वरूप

पहिली अडचण पाण्याची आहे. त्रिभुज प्रदेशाचे सिंचन १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणावर अवलंबून आहे. धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडण्याचा प्रघात आहे. परंतु २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत पुरेशा साठ्याअभावी हा दिवस पाळता आला नाही. २०२४ मध्येही पाणी जुलैच्या अखेरीस सुटले. धरणात येणारे पाणी कर्नाटकातील पाऊस व आंतरराज्य वाटप यांवर ठरते. कावेरी जलविवाद लवादाची स्थापना १९९० मध्ये झाली व त्याचा अंतिम निवाडा २००७ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यात बदल करून कर्नाटकाने दरवर्षी सोडावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ अब्ज घनफुटांवर आणले. त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. कुरुवैची लावणी ज्या वर्षी होत नाही, त्या वर्षी पर्यटकास दाखविण्यासारखे शेतही उरत नाही. म्हणून कृषी पर्यटन हे दुष्काळातील विमा ठरेल, असे या प्रदेशापुरते मानता येणार नाही.

दुसरी अडचण भूवापराची आहे. तामिळनाडू शासनाने २०२० मध्ये संरक्षित कृषी क्षेत्र अधिनियम संमत करून त्रिभुज प्रदेशात खनिज तेल व वायूचे नवे उत्खनन तसेच धातू वितळविण्याच्या प्रकल्पांसारखे उद्योग यांना प्रतिबंध केला. हे पाऊल महत्त्वाचे आहे. तथापि शेतजमिनीवर हळूहळू उभी राहणारी निवासी वसाहत वा विश्रामगृह यांचा प्रश्न निराळा आहे. हिरव्या शेताच्या दर्शनासाठी पर्यटक येणार असेल आणि त्याच्या मुक्कामासाठी तेच शेत बुजविले जाणार असेल, तर हा व्यवसाय स्वतःच्याच मुळावर घाव घालील.

तिसरी अडचण मालकीची असून ती सर्वांत मूलभूत आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार तामिळनाडूतील सरासरी धारणक्षेत्र ०.७५ हेक्टर होते. महाराष्ट्रात ते १.३४ हेक्टर होते. शिवाय तंजावर भागातील बरीच जमीन मंदिरे व मठ यांच्या मालकीची असून ती कुळांकडून कसली जाते. प्रत्यक्ष श्रम करणारा वर्ग मोठ्या प्रमाणावर भूमिहीन आहे. १९५२ चा तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायदा याच परिस्थितीतून आला. मजुरीच्या संघर्षातून २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि येथे ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले जाळून मारली गेली. त्यानंतर कृष्णम्माळ जगन्नाथन व त्यांचे पती यांनी भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याचे कार्य अनेक वर्षे केले. या भूमीचे सौंदर्य पाहताना तिचा हा सामाजिक इतिहास दृष्टीआड करता येत नाही.

जमीन ज्याच्या नावावर नाही, असा कूळ शेतकरी त्या जमिनीवर निवासाची खोली कशी बांधणार? त्यासाठी बँकेचे कर्ज त्याला कोणत्या तारणावर मिळणार? आणि लावणी करणाऱ्या मजूर स्त्रीला पर्यटनाच्या उत्पन्नात कोणता हिस्सा मिळणार? शेतमालकाच्या नोंदणीवर आधारलेली योजना या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही.

ग्रामसमूहाचा नमुना

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रात पर्यटकास दाखविण्याची वस्तू बहुधा एका शेतकऱ्याचे शिवार असते. कुंभकोणम परिसरात ती वस्तू सामुदायिक आहे. कालवा, बंधारा, तलाव, हंगामाचे चक्र व नदीची माती यांपैकी काहीही एकट्याच्या मालकीचे नाही. जे सामुदायिक श्रमातून निर्माण झाले, त्याचे पर्यटनही सामुदायिक पद्धतीनेच संघटित होणे इष्ट ठरेल.

अशा संघटनेस परंपरेचा आधार आहे. तामिळनाडूत 'कुडिमरामत्तु' या नावाने गावकऱ्यांनी स्वतः तलाव व कालव्यांचा गाळ काढण्याची प्रथा होती. राज्य शासनाने २०१६-१७ पासून तिचे पुनरुज्जीवन केले. आपल्याकडे धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धत याच वृत्तीची होती. पाण्याची समान वाटणी आणि पाटांची सामुदायिक निगा या दोन गोष्टी तीत एकत्र होत्या. या धर्तीवर पुढील बाबींचा विचार करता येईल.

एक, पर्यटनाचा घटक म्हणून शेतकऱ्याऐवजी गाव किंवा पाणीवापर संस्था धरावी. कूळ शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांना तीत समान सभासदत्व असावे.

दोन, नवे बांधकाम करण्यापेक्षा गावातील रिकामी पडलेली जुनी घरे दुरुस्त करून निवासासाठी वापरावीत. लागवडीखालील जमीन बांधकामासाठी घेऊ नये.

तीन, पर्यटकाकडून मिळणाऱ्या शुल्कातील ठरावीक भाग तलाव व कालव्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. ज्या पाण्यामुळे हा व्यवसाय चालतो, त्याची निगा हा त्याचा पहिला खर्च मानला पाहिजे.

चार, वाटाडे म्हणून गावातील सुशिक्षित तरुण-तरुणींना प्रशिक्षण द्यावे. लावणी, पानखुडणी वा मूर्तिकाम दाखविणाऱ्या व्यक्तीस त्या वेळेचे स्वतंत्र मानधन मिळावे. श्रम हा फुकट पाहण्याचा देखावा नव्हे, याची जाणीव पर्यटकासही व्हावी.

पाच, मंदिरांच्या बसफेरीत एक दुपार एखाद्या गावासाठी राखावी. नवा पर्यटक शोधण्यापेक्षा आलेल्या पर्यटकाचा मुक्काम एका दिवसाने वाढविणे कमी खर्चाचे असते. २०२८ च्या महामहम महोत्सवासाठी होणाऱ्या नियोजनात याचा अंतर्भाव करणे शक्य आहे. मात्र गर्दीच्या मुख्य दिवशी गावांवर भार न टाकता त्याच्या आधीच्या व नंतरच्या महिन्यांचा त्यासाठी उपयोग करावा.

समारोप

कुंभकोणमचे उदाहरण केवळ एका नगरापुरते मर्यादित नाही. पंढरपूर, नाशिक, पैठण यांसारख्या आपल्या तीर्थक्षेत्रांतही लाखो भाविक येतात आणि भोवतालच्या शिवारास त्यांचा स्पर्श क्वचितच होतो. तेथेही देऊळ, नदी व शेती या तिन्हींचा संबंध पुरातन आहे आणि तेथेही मालक, वाटेकरी व मजूर यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. म्हणून कृषी पर्यटनाची योजना आखताना 'येथे पाहण्यासारखे काय आहे' या प्रश्नाबरोबर 'ते कोणाच्या श्रमातून निर्माण झाले आहे' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

कल्लणै बांधणाऱ्यांनी पाणी अडवून धरले नाही, ते योग्य वाटेने खाली शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केली. पर्यटनातून येणाऱ्या पैशाचेही तसेच आहे. तो नगरातील हॉटेलपाशी अडून राहिला, तर त्याचा लाभ थोड्यांनाच होईल. कालव्याच्या टोकावरील गावापर्यंत तो वाहत गेला, तरच त्याला ग्रामीण विकासाचे साधन म्हणता येईल.